नावाची बाजू नंतर

तबकडी पुसायचं काम वेलकरांच्या घरात शकूकडे होतं, आणि बहात्तराव्या वर्षीही ते तिनं दुसऱ्या कोणाच्या हाती दिलं नव्हतं. भाऊसाहेबांच्या जुन्या सदऱ्याचा मलमलीचा तुकडा घ्यायचा, आतून बाहेर गोल फिरवायचा, आणि फिरवता फिरवता खोलीतली माणसं बघून घ्यायची. कोण कुठे बसलंय यावरून कोण कोणाच्या बाजूचं आहे, हे शकूला चहा यायच्या आत कळायचं.

आज कादंबरी स्वयंपाकघराच्या दाराशी बसली होती. म्हणजे नको ते बोलणं निघालं की ‘ओव्हनमधलं भानोलं बघते हं’ म्हणून उठायची सोय. तिच्या शेजारी तिचा नवरा विक्रांत, मांडीवर फोन पालथा ठेवून. विक्रांतचा फोन पालथा असला की त्यात लोकांना दाखवण्यासारखं काहीतरी असतंच. विक्रांतचा धाकटा भाऊ अनिमेष रेकॉर्ड प्लेअरजवळ जमिनीवर, कारण घटस्फोट झाल्यापासून त्याला कोणाच्या शेजारी बसणं नकोसं व्हायचं. या दोघा भावांचे वडील गुरुदत्त, म्हणजे शकूचा दादा, मधल्या आरामखुर्चीत. आणि दिवाणावर विक्रांत-कादंबरीची लेक अवनी आणि तिचा होणारा नवरा हितेंद्र, मधे एक उशी. ती उशी कादंबरीनं ठेवली होती.

“तो रेल्वेवरचा पूल पाडल्यापासून तुम्हाला लांबच पडत असेल ना?” कादंबरी म्हणाली. “करी रोडहून प्रभादेवी म्हणजे.”

“लांब नाही काकू, वळसा पडतो फक्त,” हितेंद्र म्हणाला. “आईनं शिरवाळे दिलेत, तांदळाच्या शेवया. नारळाचा रस वेगळ्या डब्यात आहे, सांडेल म्हणून स्कूटर हळू आणली.”

“अरे वा. फ्रीजमध्ये ठेवते हं.” कादंबरीनं डबे घेतले आणि झाकण न उघडताच आत नेले. शकूनं ते लक्षात ठेवलं. पाहुण्याचा डबा उघडून वास न घेता आत जातो, तेव्हा पाहुणाही तसाच बाहेर जायचा असतो.

तसं मुलात नाव ठेवायला काही नव्हतं. दातांचा डॉक्टर, लालबागला स्वतःचा दवाखाना, बोलणं नीट, नखं स्वच्छ. आजोबा आणि वडील दोघंही गिरणीतले, एवढंच काय ते. पण ‘एवढंच काय ते’ हे कादंबरीला तोंडानं म्हणता येत नव्हतं, आणि नाव ठेवायला जागा सापडत नाही म्हणून तिचा राग दुप्पट झाला होता.

अवनीनं मात्र आपलं म्हणणं आधीच सांगून ठेवलं होतं, तेही फक्त शकूला. परवा मटार सोलता सोलता म्हणाली, “आत्याआजी, लग्न तर होणारच. पण रविवारी त्याला जागा मिळाली नाही ना, तर पुढच्या वर्षी रेकॉर्ड ऐकायला मी इथे नसेन. दिवाळीलाही नसेन.” आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणी नाही. शकू घाबरली ती त्यामुळेच. रडणारी माणसं परत येतात. मटार सोलत सोलत सांगणारी येत नाहीत.

जागेचं प्रकरण असं होतं. भाऊसाहेब बॅलार्ड इस्टेटमधल्या एका जर्मन रंगांच्या कंपनीत हेडक्लार्क होते. साहेब मायदेशी जायला निघाला तेव्हा त्यानं ही तबकडी दिली. त्यांच्याकडच्या एका जुन्या ऑपेरातले निवडक तुकडे, दोन बाजूंना मिळून सहा. भाऊसाहेब ऑपेरा म्हणत नसत. गिरगावात हयात गेलेला माणूस, ‘जर्मन संगीत नाटक’ म्हणायचे. आता निवडक म्हणजे मधलं गाळलेलं. काय गाळलंय ते सांगायला साहेब थांबला नाही, वेष्टन वाळवीनं खाल्लं, आणि जर्मन तर ठाकूरद्वारच्या त्या अख्ख्या आळीत कोणाला येत नव्हतं. म्हणून भाऊसाहेबांनी सुई उचलली आणि बायकोला, म्हणजे माईंना, विचारलं, “हं, मग पुढे काय झालं असेल?”

तिथून सुरुवात. वेलकरांच्या घरात लग्न करून जो येईल त्यानं दोन गाण्यांमधली एक मोकळी जागा भरायची. जे सांगेल ते कायमचं. दरवर्षी भाऊसाहेबांच्या वाढदिवसाला सगळ्यांनी जमून तबकडी ऐकायची आणि प्रत्येकानं आपापली जागा आपापल्या तोंडानं सांगायची. गेलेल्यांची दादा सांगायचा. नाटकातल्या माणसांना नावं नव्हती. बारीक आवाजाची ती बाई, चढ्या आवाजाचा तो बुवा, आणि तळघरातून बोलल्यासारखे मामंजी. घरात जन्मलेल्यांनी गोष्टीत तोंड घालायचं नाही, असा दंडक. शकू घरातलीच आणि लग्न न केलेली, त्यामुळे तिच्याकडे फक्त सुई.

“तर मग लावू या का?” दादानं विचारलं.

“लावू या ना बाबा,” कादंबरी म्हणाली. “फक्त एक आहे. म्हणजे मला फारच वाईट वाटतंय, पण मी परवा मोजून बघितलं. सहा गाणी, मधल्या जागा पाच. माई, मनूकाका, सासूबाई, मी आणि आकांक्षा. जागाच शिल्लक नाहीये हो.”

वेलकर नाही म्हणत नाहीत. ते वाईट वाटून घेतात. शकूनं मनातल्या मनात सुनेला दाद दिली. बत्तीस वर्षांत या घरची रीत तिनं अगदी पक्की उचलली होती.

“आई, हे काय आता?” अवनी म्हणाली.

“मी काय केलं? रेकॉर्ड मी नाही बनवली गं.”

“माझी काही हरकत नाही काकू,” हितेंद्र म्हणाला. “मी नुसतं ऐकेन.”

“नुसतं ऐकायला पाहुणे येतात,” अवनी म्हणाली आणि मधली उशी उचलून तिनं मांडीवर घेतली. दोघांमधलं हातभर अंतर गेलं.

मग अनिमेष जमिनीवरून बोलला. मान वर न करता. “आकांक्षाची द्या. सहा वर्षं तशीही बाबाच सांगतात.”

आकांक्षा त्याची घटस्फोट घेतलेली बायको, आणि तिची जागा शेवटच्या गाण्याआधीची होती. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी तिनं सांगितलं होतं: ‘मग बाई एकटीच समुद्रावर गेली. तिथे तिला कोणी ओळखलं नाही, आणि तिला फार बरं वाटलं.’ तेव्हा सगळे हसले होते. नंतर दादा ते वाक्य भरभर सांगून टाकायला लागला.

“बघा, हाही एक मार्ग आहे,” कादंबरी म्हणाली. तिला तो मार्ग आवडला नव्हता, पण कोणी घेणार नाही याची तिला खात्री होती.

“मला आकांक्षाकाकूची जागा नको,” अवनी म्हणाली. “मी तिच्याशी दर आठवड्याला बोलते, काका. तिला काय सांगू? तुझी खोली भाड्यानं दिली म्हणून?”

“बरोबर आहे,” शकू म्हणाली. “बाई गेली, तिची गोष्ट राहिली. दिलेली जागा परत घ्यायची पद्धत नाही आपल्यात. अन्या, तू आपला प्लेअरचा बेल्ट बघ.”

अनिमेष बेल्ट बघायला लागला. त्याचे कान लाल झाले होते, पण खांदे जरा सैल पडलेले दिसले. शकूला वाटलं, कोणीतरी ‘नको’ म्हणावं असंच याला हवं होतं.

आता विक्रांत खाकरला. शकूनं मलमलीचा तुकडा घडी करून ठेवला. इतका वेळ ती याच खाकरण्याची वाट बघत होती.

“खरं म्हणजे,” विक्रांत म्हणाला, “हा सगळा वादच निरर्थक आहे. आत्यानं मागच्या आठवड्यात मला रेकॉर्ड दिली ना, त्यावरची भाऊंच्या नावाची चिठ्ठी सुटत आलीय, नीट चिकटव म्हणून. मी म्हटलं चिकटवण्याआधी खाली काय आहे बघू. वाफ दिली, चिठ्ठी अलगद सुटली.” त्यानं फोन उलटा केला. “हा बघा फोटो. चिठ्ठीखाली काय छापलंय?”

“एक,” अनिमेषनं वाचलं.

“एक! आणि दुसऱ्या बाजूला दोन. आपण काय समजत आलो? दोन लिहिलंय म्हणजे हा दोन तबकड्यांचा संच, पहिली साहेबाकडे राहिली. कसला संच! ही एकच रेकॉर्ड आहे, ही पहिली बाजू आणि ती दुसरी. आपण साठ वर्षं उलटी ऐकतोय! भाऊंनी तांब्या-परातींवर घालतात तसं हिच्यावरही आपलं नाव घातलं, नेमकं आकड्यावर. आणि मग—”

“आणि मग नावाची बाजू नंतर,” दादा हळूच म्हणाला. “यजमानानं शेवटी जेवायचं. आपलं नाव असलेली बाजू आधी वाजवणं त्यांना बरं दिसलं नसतं.”

“तेच तर! शिष्टाचार! त्या शिष्टाचारापायी अख्खं नाटक उलटं झालं. मी फोनला ऐकवलं, दोन सेकंदांत नाव आलं, कथानकही आलं. वाचून दाखवतो, हे नाटक म्हणजे—”

“नाव सांगू नकोस,” शकू म्हणाली.

“अगं पण आत्या, खरी गोष्ट—”

“साठ वर्षं बिननावाची नांदली या घरात. आता तिचं माहेर काढून काय करायचंय?”

हितेंद्रला हसू आलं आणि त्यानं ते चहाच्या कपात सोडलं.

“माझं म्हणणं इतकंच,” विक्रांत जरा चिडून म्हणाला, “की मुळात ही गोष्टच चुकीची आहे. चुकीच्या गोष्टीत कोणाला जागा मिळाली काय, न मिळाली काय. ही प्रथा बंद करावी. सगळे मिळून पूर्ण ऑपेरा टीव्हीवर लावू, खाली इंग्रजी येतं, छान बघू.”

“मला चालेल,” कादंबरी लगेच म्हणाली. नवरा आपल्या बाजूनं आहे की भलत्याच, हे तिला नीट कळलं नव्हतं, पण प्रथा गेली तर जागेचा प्रश्नही जाणार होता.

दादा मात्र फोटोकडेच बघत होता. साठ वर्षांतली तीस त्यानं ही गोष्ट सांगितली होती. आधी लग्नाचा कोरस, मग भांडण, मग सगळ्यांचा एकदम गलका. बाजू बदलून मामंजींचा राग, बाईचं एकटीचं गाणं, आणि शेवटी दोघांचं प्रेमाचं. भाऊसाहेब अभिमानानं म्हणायचे, आधी लग्न, मग ओळख, अगदी आमच्यासारखं. आता पोरगा म्हणत होता, उलटं.

“म्हणजे भाऊ चुकले,” दादा म्हणाला.

“चुकले नाहीत, मागे बसले,” शकू म्हणाली. “विक्रांत, तू हुशार आहेस बाबा. एवढी वर्षं कोणाला सुचलं नाही. मला समजावून सांग जरा, मला वेळ लागतो. म्हणजे आता ही नावाची बाजू आधी?”

“अर्थात.”

“पहिल्यांदा मामंजी. मग कादंबरीची जागा. मग बाईचं एकटीचं. मग आकांक्षाची. मग प्रेमाचं.”

“बरोबर.”

“सगळ्यांच्या जागा जिथल्या तिथे. कोणाला धक्का नाही.”

“नाही, त्या तशाच राहतात.”

“मग मी तबकडी उलटणार. आणि लागणार लग्नाचा कोरस. प्रेमाचं गाणं आणि लग्न यांच्या मधे काय झालं रे?”

विक्रांतनं तोंड उघडलं. शकूनं बोट वर केलं. “फोनमधलं नको. आपल्यातलं सांग. कोणाची जागा आहे ती?”

“कोणाचीच नाही,” अनिमेष म्हणाला आणि सरळ बसला. “आत्या, ती जागा आत्ताच झाली. आधी ती नव्हतीच!”

“जागा कशी होईल?” कादंबरी म्हणाली. “मनूकाकांची होती ना बाजू उलटायची? एक वाढली तर एक गेली. हिशेब तोच.”

ही सून खरंच तयारीची होती. पण शकूनं मनूकाकांचा विचार करून ठेवला होता. भाऊसाहेबांचे मेहुणे, म्हणजे बहिणीचे पती, खाण्यावर अतोनात जीव. पहिल्या बाजूच्या शेवटी सगळे एकदम किंचाळायचे, त्यानंतर पुढे काय झालं असं विचारल्यावर ओव्हनच्या दिशेला बघत त्यांनी एवढंच सांगितलं होतं: ‘मग सगळे जेवले.’

“मनूकाका कुठे जातात?” शकू म्हणाली. “ते शेवटी जातात. लग्न झालं, भांडण झालं, सगळे ओरडले, आणि मग सगळे जेवले. त्याहून चांगला शेवट तुझ्या फोनमध्ये आहे का विक्रांत?”

विक्रांतनं नकळत फोनकडे पाहिलं. “तिथे... तिथे फारच वेगळा आहे,” तो म्हणाला.

दादा हसायला लागला. आधी नुसते खांदे, मग आवाज. “म्हणजे माझी रमा आता शेवटाकडे आली,” तो म्हणाला. “भांडणानंतरची तिची जागा. ‘भांडण मिठावरून नव्हतं, मीठ कोणी घातलं यावरून होतं.’ आणि लगेच जेवण. शकू, बरोबर बसतंय गं! इतकी वर्षं ते वाक्य मधेच लोंबकळायचं.” त्यानं आरामखुर्चीच्या हातावर थाप मारली. “लाव. नावाची बाजू आधी. यजमान आता मी आहे, आणि मला भूक लागलीय.”

शकूनं सुई ठेवली. खरखर झाली आणि तळघरातून मामंजी गरजले. ते थांबले तशी सुई वर. सगळ्यांनी कादंबरीकडे बघितलं.

“मामंजी रागावले नव्हते,” कादंबरी म्हणाली. दरवर्षीसारखं, जरा घाईनं. “त्यांना ऐकू कमी यायचं, म्हणून ते मोठ्यानं बोलायचे.”

ही जागा मिळवताना तिचे काय हाल झाले होते ते शकूला आठवत होतं. रीत अशी, की नवीन माणसानं सांगितल्यावर आधीच्या सुनेनं किंवा जावयानं ‘लागलं’ म्हणायचं, सुतार चौकटीत दार बसवून बघतो तसं. रमाबाईंनी दादरच्या या नव्या मुलीला तीनदा परत सांगायला लावलं होतं. चौथ्यांदा त्या तोंड उघडणार तोच शकूनं सुई खाली टेकवली आणि बाईनं गायला सुरुवात केली. त्यावर शकू आणि कादंबरी कधी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

बाईचं एकटीचं झालं. आकांक्षाचं वाक्य सांगायला दादानं मान वर केली, पण अनिमेषच बोलला, सावकाश, शेवटपर्यंत. “...आणि तिला फार बरं वाटलं.” मग प्रेमाचं गाणं, दोन्ही आवाज एकमेकांवर चढत चढत, एकदम वर जाऊन थांबलेले. शकूनं तबकडी उचलली, उलटली, ठेवली. सुई हातात धरून ती म्हणाली, “हं डॉक्टर. मग पुढे काय झालं?”

हितेंद्रनं कप खाली ठेवला.

“मग बुवा बाईच्या घरी गेला,” तो म्हणाला. “घरात सगळी माणसं जमली होती. सगळी इतकी चांगली वागली, की त्याला भीतीच वाटली. कोणी काही विचारलंच नाही. खायला मात्र दर दहा मिनिटांनी.”

अनिमेष खुसखुसला.

“निघताना बुवाची आई म्हणाली होती, ‘जेवूक घालतत काय बघ. घालतत तर मगे तेंका नाय म्हणूचो धीर नाय.’ म्हणून तो बसून राहिला.”

“आणि?” दादानं विचारलं.

“आणि बसूनच आहे. सगळे विचारतील ते सांगायची त्याची तयारी होती. पण बाईच्या आईनं अजून विचारलं नव्हतं. तिनं विचारल्याशिवाय पुढचं गाणं कसं लागणार?”

तो थांबला. आता ‘लागलं’ म्हणायचं ते कादंबरीनं. आधीच्यांपैकी या खोलीत तीच उरली होती. अवनी आईकडे बघत नव्हती, मांडीवरच्या उशीची शिवण बघत होती. विक्रांत काहीतरी म्हणणार होता, पण दादानं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं फोन खिशात टाकला.

शकू सुई धरून उभी होती. हात अवघडला होता. खाली टेकवणं अगदी सोपं होतं. एकदा टेकवली होतीच. पण या वेळी तिनं टेकवली नाही. ती फक्त कादंबरीकडे बघत राहिली, आणि थोड्या वेळानं कादंबरीनंही तिच्याकडे पाहिलं. बत्तीस वर्षांपूर्वीची ती सुई दोघींच्या मधे तशीच अधांतरी होती.

“काय विचारलं असतं तिनं?” कादंबरी म्हणाली.

“ते तिलाच ठाऊक काकू.”

कादंबरीनं पदर सारखा केला. “तिनं विचारलं,” ती म्हणाली, आणि एक क्षण अडखळली, “तिनं विचारलं, आमच्या मुलीला राग आला की ती ओरडत नाही, गप्प होते. दोन-दोन दिवस. तेव्हा तू काय करशील?”

अवनीनं मान वर केली.

“गप्प बसेन,” हितेंद्र म्हणाला. “पण त्याच खोलीत.”

आत ओव्हनची घंटी वाजली. भानोलं झालं होतं. उठायची इतकी चांगली संधी कादंबरीला दिवसभरात मिळणार नव्हती. ती उठली नाही.

“लागलं,” ती म्हणाली. “ठेवा सुई आत्या, हात दुखेल तुमचा.”

शकूनं सुई ठेवली आणि लग्नाचा कोरस असा काही फुटला, की शेजारच्यांनी भिंतीवर थाप मारली. मग माईंचं झालं, भांडण झालं, रमाबाईंचं मीठ झालं, आणि सगळे जर्मन एकदम किंचाळून गप्प झाले. दादानं हात वर केला, आणि कोणी न सांगता सगळ्यांनी एका आवाजात म्हटलं, “मग सगळे जेवले!” हितेंद्रनं सुद्धा. त्याला आता ते म्हणायचा हक्क होता.

कादंबरीनं फ्रीजमधून शिरवाळ्यांच्या रसाचा डबा काढला, झाकण उघडलं, वास घेतला. “वेलची ताजी आहे,” ती स्वतःशीच म्हणाली, पण ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

पानं घेतली गेली तरी विक्रांत बाहेरच होता. शकू तबकडी पुसून ठेवत होती, आतून बाहेर, गोल गोल.

“काय गंमत आहे बघ आत्या,” तो म्हणाला. “मी ती चिठ्ठी वाफ देऊन काढली नसती, सरळ चिकटवली असती, तर आज हे काहीच झालं नसतं.”

“नसतंच झालं,” शकू म्हणाली.

“आणि तू ती नेमकी मलाच दिलीस.”

शकूनं मलमलीच्या तुकड्याची घडी घातली. पन्नास वर्षं तबकडी पुसणाऱ्या बाईला सैल चिठ्ठीखालचा आकडा दिसत नाही, असं समजणारा माणूस हुशारच म्हणायला हवा.

“मग कोणाला देणार?” ती म्हणाली. “अन्यानं ती चिकटवली असती. चल, यजमान थांबलाय.”